पाच, एक, शून्य

१

छत्तीस वर्षं मी टेलिफोन खात्यात काढली. सोलापूरच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये पहिल्यांदा कानाला हेडफोन लावला तेव्हा माझी वेणी कमरेपर्यंत होती. निवृत्त झाले तेव्हा केस काळे करायचाही कंटाळा आला होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकलं की लोक म्हणतात, कुंदाताई, वय झालं, कान वाजत असतील. माझे गुडघे वाजतात. कान ठणठणीत आहेत.

२००६ च्या मार्चमध्ये मी लेकीकडे जर्मनीत होते. ईप्सिता आणि आमचे जावई श्रीनाथराव एरवी राहायचे बॉबलिंगेनला, पण कंपनीने त्यांना तीन आठवड्यांसाठी पार पूर्वेला, पोलंडच्या सीमेवर, ओडर नदीच्या काठी पाठवलं होतं. नदीच्या पाण्याची उंची सांगणारं जुनं यंत्र काढून नवं बसवायचं होतं. त्याआधी, बर्फ फुटून नदी मोकळी होईपर्यंत, दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी चालवून त्यांचे आकडे ताडून पाहायचे, एवढंच काम. ईप्सिताला सातवा महिना होता आणि ती एकटी मागे राहायला तयार नव्हती. आदल्या वर्षी त्याच बॉबलिंगेनच्या घरात, पाचव्या महिन्यात, तिचं पहिलं मूल गेलं होतं. तेव्हा मी सोलापुरात होते. तिने फोन लावला आणि काहीच बोलली नाही. मी नुसता तिचा श्वास ऐकला आणि मला कळलं. या खेपेला काही झालं तरी लेकीच्या शेजारी असायचं, असं ठरवून मी आले होते. आमच्या ह्यांना थंडी सोसत नाही, ते मागेच राहिले.

तिथे नदी आणि गाव यांच्यामध्ये मातीचा उंच बांध आहे. सगळं गाव बांधाच्या पलीकडे, सुरक्षित. आमचं भाड्याचं घर तेवढं बांधाच्या अलीकडे, नदीच्या बाजूला, एका उंचवट्यावर. पाण्याची नोंद ठेवणारा माणूस पूर्वी तिथे राहायचा. हेर क्रामर, आपल्या भाषेत क्रामरसाहेब. तो चार वर्षांपूर्वी वारला आणि त्याची बायको, फ्राऊ क्रामर, बांधापलीकडे गावात राहायला गेली.

रोज सकाळी सातला आमची वरात निघायची. श्रीनाथराव टोपी, मोजे, दोन जाकिटं चढवून नदीच्या पायऱ्यांवर जायचे आणि पाण्यात उभी असलेली सेंटिमीटरची पट्टी डोळ्यांनी वाचायचे. तो पहिला रकाना. नव्या यंत्राचा आकडा लॅपटॉपवर यायचा, तो दुसरा. तिसरा रकाना माझ्याकडे होता. जुन्या यंत्राला फोन लावायचा. ते यंत्र नदीकाठच्या छोट्या खोपटात होतं. फोन केला की क्रामरच्या आवाजात पाण्याची उंची सांगायचं. क्रामरने शून्य ते नऊ असे दहा अंक एकदाच बोलून ठेवले होते, त्यातले हवे ते तीन जोडून यंत्र ऐकवायचं. मी दहा जर्मन अंक पाठ केले आणि पेन्सिल घेऊन बसू लागले.

यंत्राचा आवाज कसा असतो ते मला ठाऊक आहे. आमच्या एक्स्चेंजमधल्या स्नेहलताचा आवाज खात्याने असाच तुकड्यांत भरून घेतला होता. टेपमधला प्रत्येक 'तीन' हा तोच 'तीन' असतो, तीच खरखर, तोच ओठांचा आवाज. क्रामरच्या 'द्राय'च्या, म्हणजे तीनच्या, शेवटी एक बारीक खाकरा होता, रोज तिथेच.

आणि माझी एक सवय. ऑपरेटरने आकडा ऐकला की तो मोठ्याने परत म्हणायचा असतो, म्हणजे चूक राहत नाही. मी क्रामरचा आकडा परत म्हणायचे.

"आई, ते मशीन आहे गं. त्याला काय कळतंय?" ईप्सिता हसायची.

ती हल्ली क्वचितच हसायची, म्हणून मी आणखी जोरात म्हणायचे.

२

चौथ्या दिवशी आकडा आला तीन, शून्य, दोन. मी चष्मा शोधत होते. तंद्रीत परत म्हणाले, तीन, शून्य, तीन.

यानंतर 'खट' होऊन लाईन तुटायला हवी होती. तुटली नाही. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही आणि मग आवाज म्हणाला, "दोन."

नुसतं 'दोन'. पुढे नाही, मागे नाही. मग 'खट'.

मी कागदावर ३०२ लिहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली. चहा गार झाला तरी उठले नाही.

श्रीनाथराव आले, बूट झटकले. मी सांगितलं. ते मनापासून खूश झाले. "आल्झो, म्हणजे कॉन्टॅक्ट चिकटतोय. शेवटचा अंक परत वाजला. आई, हे लिहून ठेवा, रिपोर्टला उपयोगी पडेल."

"पण मी चुकल्यावरच कसा वाजला?"

"योगायोग. तुम्ही चुकला नसतात तरी वाजला असता."

बोलणं मुद्द्याला धरून होतं. मी छत्तीस वर्षं यंत्रांबरोबर काढली आहेत, भुताखेतांबरोबर नाही. मी मान हलवली. फक्त एक गोष्ट त्यांना सांगितली नाही. तो दुसरा 'दोन' पहिल्यासारखा नव्हता. जरा हळू होता. फोनवर समोरचा म्हातारा आहे हे लक्षात आलं की आपण बोलतो, तसा.

३

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम चुकले. शून्याच्या जागी नऊ म्हणाले. आवाजाने शांतपणे 'शून्य' सांगितलं. त्याच्या पुढच्या दिवशी मी पहिलाच अंक बदलला, त्याने पहिलाच दुरुस्त केला. मग एक दिवस सगळं बरोबर म्हटलं, तर 'खट'. म्हणजे तो चिकटत नव्हता. तो ऐकत होता.

हे कुणाला सांगणार? ईप्सिताला तर मुळीच नाही. ती सकाळी उठली की आधी पोटावर हात ठेवून बसायची, काही हललं की मगच पाय खाली सोडायची. सात महिने होत आले तरी घरात एक दुपटं आणलेलं नव्हतं. 'बाळ' हा शब्दसुद्धा ती उच्चारत नसे. "सगळं नीट झालं तर", एवढंच म्हणायची. अशा मुलीला काय सांगू, की स्वयंपाकघरातल्या फोनवर मेलेला माणूस माझे आकडे तपासतो?

मी कान देऊन ऐकू लागले. टेपमध्ये अंकांच्या मध्ये पोकळी असते, तिथे काहीच नसतं. इथे मागे खोली होती. लाकडी खुर्ची करकरत होती. कागद उलटत होता. कुणीतरी नाकाने श्वास घेत होतं.

त्या शनिवारी मी चहाची किटली ठेवली आणि फोन लावला. तीन, शून्य, चार. तो अंक सांगत असताना मागे किटलीची शिट्टी सुरू झाली. आमच्या किटलीची शिट्टी जरा फाटकी आहे, शेवटी चिरकते. तशीच. मी वळून पाहिलं. आमची किटली गॅसवर गप्प होती. वाफसुद्धा नव्हती.

'खट' झालं. मी उभी राहिले. घड्याळात पाहिलं. पुरतं एक मिनिट गेलं आणि मग आमची किटली शिट्टी वाजवू लागली, शेवटी चिरकली.

लाईनवर प्रतिध्वनी येतो, ते मला माहीत आहे. पण प्रतिध्वनी नंतर येतो. आधी येत नाही, हे पहिल्या दिवशीच्या शिकाऊ मुलीलाही कळतं. मी गॅस बंद केला आणि देव्हारा नव्हता म्हणून मसाल्याच्या डब्यासमोरच हात जोडले. ज्या खोलीतून तो बोलत होता ती हीच खोली होती. फक्त आमच्या जरा पुढे गेलेली.

४

पुढच्या बुधवारी हवा बदलली. छपरावरून पाणी ठिबकू लागलं. नदीचा बर्फ अजून पांढरा, सलग होता, पण त्याच्या आतून आवाज येत. जड कपाट कुणीतरी वरच्या मजल्यावर सरकवावं तसे. खालून, समुद्राच्या बाजूने, बर्फ फोडणाऱ्या बोटी निघाल्या आहेत, आठ-दहा दिवसांत पोचतील, असं श्रीनाथराव म्हणाले. पाणी हळूहळू चढेल, काळजीचं कारण नाही.

गुरुवारी सात वाजता मी फोन लावला.

"पाच," आवाज म्हणाला. "एक. शून्य."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. परत म्हणताना आदल्या दिवसाचा आकडा म्हणाले. तीन, शून्य, सहा.

"पाच. एक. शून्य."

"तीन, शून्य, सहा," मी पुन्हा म्हणाले. माझा आवाज वर गेला होता.

"पाच," तो म्हणाला. मग खुर्ची करकरली. तो फोनच्या आणखी जवळ आला होता. "एक. शून्य."

श्रीनाथराव पट्टीवर ३०७ वाचून आले. नवं यंत्रही ३०७ म्हणत होतं. माझ्या रकान्यातला ५१० पाहून त्यांनी टाळीच वाजवली. "गेनाऊ, बरोब्बर! मरतंय ते. सोमवारी काढूनच टाकतो."

"पाचशे दहा म्हणजे पाणी कुठपर्यंत येतं?" मी विचारलं.

त्यांनी सहज इकडेतिकडे पाहिलं आणि हात ओट्याला लावला. "इथपर्यंत. पण आई, तसं कधी होत नसतं. दोन मीटर एका आठवड्यात चढणार नाही, सगळे अंदाज आहेत माझ्याकडे." मग त्यांनी ओट्यावरची भाकरी उचलून तोडली आणि खायला लागले.

शुक्रवारी तोच आकडा आला. पण मागे खुर्ची नव्हती, कागद नव्हता. मागे पाणी होतं. खोलीच्या आत पाणी असतं तेव्हा जसा आवाज येतो तसा, भिंतींना लागणारा.

मला भीती वाटली, ती खरीखुरी भीती. पाण्याची नाही. तो हे का सांगतोय याची. सावध करतोय की आम्हाला तिथे बसवून ठेवायचंय? माझी लेक त्याच्या घरात राहते आहे, तिच्या पोटात जीव आहे, आणि तो आमच्या पुढच्या दिवसात बसून आमची वाट पाहतो आहे. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

५

रविवारी डोहाळजेवण ठरलं होतं. ईप्सिता नाहीच म्हणत होती. शेवटी मी तिला माझा जुना फोटो दाखवला. सोलापूरच्या स्टुडिओत पुठ्ठ्याच्या होडीत बसलेली मी, डोक्यात मोगरा, आणि पोटात हीच. होडीतलं डोहाळजेवण म्हटल्यावर तिचं मन जरा वळलं. क्रामरची जुनी सपाट तळाची नाव अंगणातल्या छपराखाली उलटी पडलेली होती. पुठ्ठ्याची नको, खरीच घेऊ, म्हणाली. तिथे नदीकडे पाठ करून बसायचं, मागे बर्फ, म्हणजे फोटो छान येतील.

शुक्रवारी दुपारभर मी विचार केला. खरं सांगितलं तर श्रीनाथराव हसतील आणि ईप्सिता घाबरेल. ती घाबरलेली मला चालणार नव्हती. मग मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मी शास्त्र काढलं.

"नाव बांधाच्या पलीकडे न्यायची," मी जाहीर केलं. "फ्राऊ क्रामरच्या अंगणात."

"का?" दोघं एकदम म्हणाले.

"वाहत्या नदीच्या काठावर गर्भारशीची ओटी भरत नाहीत. नदी आणि ती यांच्यामध्ये माती लागते. उंच माती."

"आई, हे मी कधी ऐकलं नाही," ईप्सिता म्हणाली.

"तुझ्या आत्याला विचार."

आत्याला विचारायला फोन कार्ड संपलेलं होतं, हे मला माहीत होतं.

"आणि सकाळी नऊच्या आत घर सोडायचं. संध्याकाळपर्यंत परत यायचं नाही. तिने त्या दिवशी दुसऱ्याच्या घरचं पाणी प्यायचं असतं." एकदा खोटं बोलायला लागलं की सुचत जातं.

श्रीनाथराव डोकं खाजवत राहिले. "बरं, पण आई, नाव ओढायला ट्रॅक्टर लागेल."

"मग आणा ट्रॅक्टर. जावई कशाला असतात?"

शनिवारी शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरने नाव बांधावरून पलीकडे नेली. फ्राऊ क्रामर काहीही न विचारता दारात उभी होती. उंच, सरळ बाई, हात सतत एप्रनला पुसणारी. तिच्याबद्दल ईप्सिताने मला एक गोष्ट सांगितली होती. गावातले सगळे पाण्यासाठी त्या नंबरला फोन करतात, ही कधी करत नाही. एकतीस वर्षं तो माणूस घरात फक्त आकडेच बोलला, असं ती एकदा म्हणाली होती. आता कशाला आणखी ऐकू?

मला तिची दया आली आणि जरा लाजही वाटली. तिच्या नवऱ्याशी मी रोज बोलत होते.

६

रविवारी ऊन पडलं. साडेआठलाच मी सगळ्यांना घरातून हाकललं. साडी, हार, पाच फळं, तांदूळ, नारळाच्या वड्या, पुरणाचा डबा. सातचा फोनही मी केला नव्हता. म्हटलं, आज नको.

नावेत रजया घातल्या, काठांवर क्रेप कागदाच्या झेंडूच्या माळा बांधल्या. हिरव्या साडीवर जाड कोट घालून ईप्सिता आत बसली आणि हसू आवरेना तिला. पाच सवाष्णी कुठून आणणार? मी ओटी भरली आणि मग खणानारळाचं तबक फ्राऊ क्रामरच्या हातात दिलं. ती विधवा आहे, अशी ईप्सिताने हळूच आठवण करून दिली. मी म्हटलं, गप्प बस, बाई चांगली आहे, तेवढं पुरे. फ्राऊ क्रामरने मोठ्या गंभीरपणे नारळ माझ्या लेकीच्या पदरात ठेवला आणि तिच्या गालाला हात लावला. मला रडू आलं. आणखी दोन महिने, देवा, एवढंच, असं मी मनात म्हणाले.

"आता वाट्या!" ईप्सिता म्हणाली. तिला माहीत होतं. एका वाटीत पेढा, एकीत बर्फी, वर झाकण. जी उघडेल त्यावरून मुलगा की मुलगी.

वाट्या तिकडेच राहिल्या होत्या. घर सोडायच्या घाईत मी, मीच, त्या ओट्यावर विसरले होते.

"आणतो," श्रीनाथराव म्हणाले.

"नको!" मी ओरडले. पण ते बांधाच्या पायऱ्या चढलेही होते. तरुण माणूस, लांब टांगा. "दोन मिनिटं, आई! सकाळी तुमचा फोन राहिला ना, बाराचं रीडिंगही घेऊन येतो."

त्याच वेळी वरच्या अंगाला, पोलंडच्या बाजूने, एक आवाज झाला. मी तो कसा सांगू? मोठा नव्हता. लांब होता. जाड कापड एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत फाडत न्यावं तसा, आणि तो थांबेचना. फ्राऊ क्रामरने मान वर केली. तिचा चेहरा एका क्षणात उतरला. ती बांधावर धावली, वरून खाली पाहिलं आणि आम्हाला हातांनी दाखवलं. खालच्या वळणावर बर्फ अडकला होता आणि मागचा त्यावर चढत होता. पाणी मागे फुगत होतं.

"श्रीनाथ!" ईप्सिता नावेत उभी राहू पाहत होती. मी तिला दाबून खाली बसवलं. त्यांचा मोबाइल तिच्या पायाशी, कॅमेऱ्याशेजारी पडला होता.

मी फ्राऊ क्रामरच्या घरात धावले. गुडघे कुठे होते कुणास ठाऊक. फोनवर आमच्या घरचा नंबर फिरवला. एंगेज. पुन्हा, एंगेज. म्हणजे ते बाराचं रीडिंग घेत होते. स्वयंपाकघरात उभे राहून क्रामरशी बोलत होते आणि बाहेर पाणी चढत होतं.

मग माझ्या हातांनी दुसरा नंबर फिरवला. यंत्राचा. तोही एंगेज असायला हवा होता. तो मात्र लागला.

पलीकडे खोली होती. श्वास होता.

मला जर्मन येत नाही. जे छत्तीस वर्षं तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं. "ट्रंक एक्स्चेंज सोलापूर. लायटनिंग कॉल." लायटनिंग म्हणजे सगळ्यांच्या आधी. आग लागली, माणूस मरतोय, अशा वेळी मंत्र्याचा फोनही तोडून तो जोडायचा असतो. "माझा जावई तुमच्या लाईनवर आहे. जोडून द्या. तुम्ही ऑपरेटर, मी ऑपरेटर. माझ्या लेकीचा संसार आहे. जोडून द्या हो."

खुर्ची करकरली. आणि मग मी तो आवाज ऐकला. पितळी पिन भोकात बसते तो. बोर्डावर कॉर्ड लावली की होतो तो, टक्क. जगातून तो आवाज जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

"हॅलो?" श्रीनाथराव म्हणाले. "आई? तुम्ही या लाईनवर कशा?"

"बाहेर पडा. वाट्या राहू द्या. आत्ता. पळा!"

कदाचित माझ्या आवाजातच काही असेल. त्यांनी विचारलं नाही, का.

७

मी बांधावर पोचले तेव्हा ते उंचवट्यावरून खाली उतरून मधल्या पाण्यातून येत होते. घोट्याइतकं पाणी, मग गुडघ्याइतकं. फ्राऊ क्रामरने त्यांना दंडाला धरून वर ओढलं. मागून बर्फाचे तुकडे आले, दारांएवढे, एकमेकांवर चढत, आणि नदीकाठचं खोपटं त्यांच्याखाली आगपेटीसारखं चेपलं. त्यात ते जुनं यंत्र होतं. नवंही होतं.

श्रीनाथरावांचे दात वाजत होते. "मी फोन तसाच टाकून आलो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, जणू तोच मोठा अपराध झाला होता. "रिसीव्हर लोंबकळतोय, आई."

मी घराकडे पाहिलं. स्वयंपाकघराची खिडकी बांधाच्या बाजूला आहे. आत ऊन पडलं होतं. पाणी जोत्यावरून आत शिरत होतं. खिडकीत मला तपकिरी, कोपराला ठिगळ लावलेली बाही दिसली, आणि हात. हाताने लोंबकळणारा रिसीव्हर उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि मग नीट, घाई न करता, जागेवर ठेवला. चेहरा खिडकीच्या चौकटीबाहेर होता. माझी पापणी मिटली असेल. पुन्हा पाहिलं तेव्हा नुसता फोन होता.

शेजारी उभ्या असलेल्या फ्राऊ क्रामरने एप्रन दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. तिने काय पाहिलं ते मी विचारलं नाही. तिनेही मला विचारलं नाही.

पाणी दीड तासाने थांबलं. श्रीनाथरावांनी बांधावरून दुर्बिणीने खिडकीतून ओटा पाहिला. पाणी ओट्याला टेकलेलं पाहून त्यांनी दुर्बीण खाली केली. मग म्हणाले, "तुमचं शास्त्र कुठल्या पुस्तकात आहे, आई?" मी म्हटलं, आहे एका. त्यांनी माझ्या पाया पडायला वाकायचा प्रयत्न केला आणि थंडीने आखडल्यामुळे अर्ध्यातच राहिले.

८

धावपळीमुळे ईप्सिताच्या पोटात दुखू लागलं. शेतकऱ्याच्या गाडीतून आम्ही तिला शहरातल्या हॉस्पिटलात नेलं. रस्ताभर तिने माझा हात सोडला नाही. डॉक्टरीणबाई तरुण होती. पोटावर यंत्र फिरवलं आणि खोलीभर तो आवाज भरला, घोडा दौडत यावा तसा, भराभर, आपल्याच नादात. डॉक्टरीणबाई म्हणाली, सगळं उत्तम आहे, एक रात्र इथे राहा, उद्या घरी जा.

"बाळाला भूक लागली असेल," ईप्सिता म्हणाली.

म्हणाली आणि स्वतःच दचकली. मग तिने तो शब्द पुन्हा उच्चारला, जरा मोठ्याने. श्रीनाथराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटतं, रडत होते. मी उघड्यावरच रडले, माझी काही अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही फ्राऊ क्रामरकडे परतलो. नदी मोकळी झाली होती. काळं, चकाकणारं पाणी सरळ वाहत होतं, मधूनच एखादा पांढरा तुकडा. श्रीनाथराव सामान काय उरलं ते बघायला बांधावर गेले. फ्राऊ क्रामरने आम्हाला बटाट्याचं सूप वाढलं. ईप्सिताने दोन वाडगे संपवले आणि तिसरा मागितला.

तेव्हा फोन वाजला.

फ्राऊ क्रामरने हात पुसले, रिसीव्हर उचलला आणि तिथल्या पद्धतीने आपलं आडनाव सांगितलं. मग ती गप्प झाली. मी फोनपासून दोन हातांवर बसले होते. पलीकडून आवाज येत होता. शब्द मला कळत नव्हते, पण ते अंक नव्हते. अंक मी ओळखले असते. लांब, अडखळती वाक्यं होती. बोलायची सवय नसलेला माणूस बोलतो तशी.

फ्राऊ क्रामरने न पाहता स्टूल ओढलं आणि बसली. तिच्या तोंडून एक लहानसा आवाज निघाला. मग तिने एकच प्रश्न विचारला, आणि उत्तर ऐकताना डोळे मिटून मान हलवत राहिली. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

मी उठले. ईप्सिताला दंडाला धरून उठवलं, तिचा सुपाचा वाडगा दुसऱ्या हातात घेतला.

"कुणाचा फोन आहे, आई?"

"तिचा आहे," मी म्हणाले. "आपण ऐकायचं नसतं. चल, उन्हात बसू."

आणि मी दार हळूच ओढून घेतलं.